मदत हवी आहे: उरलेल्या हाडांचा चिकन स्टॉक गढूळ होतो, आणि जेलीसारखा धरतही नाही

धागाकर्ती

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे रविवारी चिकन ठरलेलं. मुलीला बोनलेस लागतं, बाकी सगळ्यांना रस्सा. हाडं बरीच निघतात आणि ती कचऱ्यात टाकायला जीव होत नाही. त्यातून सासरे नुकतेच आजारपणातून उठले आहेत. संध्याकाळी त्यांना वाटीभर गरम काहीतरी हवं असतं. विकतच्या क्यूबमध्ये मीठ फार असतं, म्हणून घरीच स्टॉक करून ठेवायचं मनावर घेतलंय.

सध्याची पद्धत सांगते. फ्रीजरमध्ये एक पिशवी ठेवली आहे. तिच्यात हाडं आणि भाज्यांचं निवडलेलं जमा होतं: कांद्याची सालं, गाजराची टोकं, कोथिंबिरीच्या काड्या, फ्लॉवरचे देठ, कोबीचा गाभा, बटाट्याची सालं. पिशवी भरली की सगळं मोठ्या पातेल्यात घालते, काठोकाठ पाणी ओतते आणि मोठ्या आचेवर तासभर खळखळ उकळून गाळते.

होतं काय, तर रंग तांदळाच्या धुवणासारखा येतो. चिकनपेक्षा कोबीचाच वास जास्त. चांगला स्टॉक फ्रीजमध्ये जेलीसारखा धरतो असं सगळे सांगतात, माझा पाण्यासारखा पाणीच राहतो.

शिवाय काही शंका आहेत. रस्सा खाऊन झाल्यावर ताटात उरलेली हाडं घेतात का? तंदुरीची चालतात का? चमचाभर व्हिनेगर घातलं की हाडांतलं कॅल्शियम उतरतं म्हणतात, ते खरं का? कुकरमध्ये केला तर चालेल का? आणि रात्री ओट्यावर झाकून गार होऊ दिला, सकाळी फ्रीजमध्ये टाकला, तर चालतं का? आमच्याकडे गुरुवार आणि शनिवार पाळतात, त्यामुळे एकदाच करून डब्यांत भरून ठेवणं सोयीचं आहे.

जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

कोल्हापूरची सून

ताई, आधी जेलीचं सांगते, बाकीचं त्यातूनच सुटेल.

स्टॉक धरतो तो कोलॅजन नावाच्या प्रथिनामुळे. कोलॅजन असतं कातडीत, सांध्यांत, कुर्च्यांत (म्हणजे मऊ हाडांत) आणि पायांत. ते मंद आचेवर बराच वेळ शिजलं की त्याचं जिलेटिन होतं आणि गार झाल्यावर तेच धरतं. आपल्याकडे करी कट म्हणजे बहुतेक वेळा कातडी काढलेलं चिकन. त्यातली हाडं रश्श्यात एकदा शिजलेली, म्हणजे जे उतरायचं ते बरंचसं रश्श्यात गेलेलं. तुमच्या पातेल्यात कोलॅजन मुळात कमी, पाणी काठोकाठ आणि वेळ तासाभराचा. मग धरणार कसं?

उपाय स्वस्त आहे. चिकनवाल्याकडे बोनलेस घेता तेव्हा उरलेला सांगाडा मागून घ्या, तो तुमच्याच कोंबडीचा असतो. सोबत मान, पंखांची टोकं आणि चार-पाच पाय मागा. पाय अगदी स्वस्तात मिळतात. उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट घातले की वरची पिवळी साल हाताने निघते, नखं सुरीने उडवायची. सांगाड्याच्या आतल्या बाजूला फुप्फुसाचे, मूत्रपिंडाचे लालसर तुकडे चिकटलेले असतात. ते बोटाने खरवडून धुवून टाका, गढूळपणा आणि उग्र वास बराचसा त्यांच्यामुळे असतो.

सगळं मिळून किलोभर असेल तर पाणी दोन लिटर पुरे, हाडं जेमतेम बुडतील इतकंच. पाणी गार घ्या आणि आच हळूहळू वाढवा. पहिल्या उकळीआधी करडा फेस वर येतो, तो झाऱ्याने काढत राहा. त्यानंतर गॅस इतका बारीक करा की मधूनच एखादा बुडबुडा वर यावा. खळखळ उकळलं की चरबी फुटून पाण्यात मिसळते, फेसही परत आत जातो, आणि मग कितीही गाळा, पांढुरका रंग जात नाही. बारीक आचेवर तीन ते चार तास. मध्ये ढवळू नका, झाकण अर्धवट ठेवा. मीठ अजिबात नको, आटल्यावर खारट होतं. पिताना वाटीत घाला.

आमच्याकडे तांबडा-पांढरा करायचा तर आधी मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून नुसतं शिजवतात. ते बिनमसाल्याचं पाणी, ज्याला आम्ही अळणी म्हणतो, घरातल्या लहानांना आणि आजाऱ्याला पहिल्यांदा वाढायचं, वाटण नंतर. तुमच्या सासऱ्यांनाही तसंच द्या: आल्याचा तुकडा, दोन मिरे, गाळल्यावर थोडं मीठ आणि लिंबू.

भाज्यांमध्ये कोबी आणि फ्लॉवर आजपासून बंद. त्यांच्यातल्या गंधकाचा वास तासभर उकळल्यावर सगळ्यावर बसतो. बटाट्याच्या सालीने पिठूळपणा येतो. मेथीच्या काड्या, कारलं, बीट हेही नको. कांदा, गाजर, कोथिंबिरीच्या काड्या, मशरूमचे देठ, मटारच्या दोन-चार शेंगा, हे उत्तम. कांद्याची सालं स्वच्छ धुतलेली आणि थोडीच, त्यांनी रंग सोनेरी येतो, पण जास्त झाली तर कडवट. भाज्या शेवटच्या तासात घाला, चार तास शिजून त्यांच्यात काही उरत नाही. कोथिंबीर तर अगदी शेवटी.

नाशिककर

तीन-चार तास गॅस जाळायचा नसेल तर कुकर चांगलाच आहे. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून पाऊण ते एक तास. कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. वाफ ओढून काढू नका, आपोआप उतरू द्या. दाब असताना आत खळखळ होत नाही, म्हणून स्टॉक स्वच्छ निघतो. वाफ एकदम सोडली तर आतलं पाणी भसकन उकळतं आणि सगळं ढवळून निघतं. फेस मात्र झाकण लावायच्या आधी काढून घ्या.

गावठी कोंबडी मिळाली तर तिचा स्टॉक बॉयलरपेक्षा चवीला पुष्कळ सरस. वेळ जास्त द्यावा लागतो.

ठाण्याहून

मी अन्न-सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे फक्त साठवणीबद्दल लिहिते. हे कृपया मनावर घ्या, कारण घरात आजारातून उठलेलं माणूस आहे.

रात्रभर ओट्यावर ठेवणं बंद करा. उकळल्याने जिवाणू मरतात, पण काहींचे बीजाणू, म्हणजे त्यांची टणक कवचातली सुप्त रूपं, उकळीतही टिकतात. पातेलं सावकाश कोमट होत जातं तेव्हा त्यांना हवं तसं तापमान तासन्‌तास मिळतं. मांसाचा रस्सा हे त्यांचं आवडतं खाद्य. काही जिवाणूंचं विष नंतर पुन्हा उकळूनही जात नाही, त्यामुळे 'सकाळी उकळी काढली की झालं' हा भरवसा धरू नका. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे, आणि आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात तासाभरात. गाळलेला स्टॉक पसरट भांड्यात ओता, ते भांडं परातीत बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि ढवळत राहा. अर्ध्या तासात गार होतो.

फ्रीजमध्ये तीन ते चार दिवस. त्यापुढे फ्रीजर, चार-सहा महिने चव चांगली राहते. डबा काठोकाठ भरू नका, पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, काच तडकते. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या झाकणाच्या डब्यात भरल्या तर सासऱ्यांपुरता वाटीभर काढता येतो, आणि पाळायच्या दिवशी घरातल्यांच्या हाताला तो डबा लागत नाही.

ताटातली उष्टी हाडं घेऊ नका. उकळल्यावर जंतूंचा प्रश्न बराच मिटतो, पण ती सगळ्यांच्या तोंडातून आलेली असतात, जेवण होईपर्यंत उघडी पडलेली असतात, आणि मसाला चिकटलेला असतो तो वेगळाच. वाढायच्या आधी सोडवून ठेवलेली हाडं मात्र खुशाल घ्या. तंदुरीचीही तशीच. भाजल्यामुळे रंग आणि चव छान येते, फक्त वरचा मसाला धुवा आणि काळं करपलेलं काढून टाका.

व्हिनेगरने नुकसान काही नाही, पण घरच्या स्टॉकमध्ये कॅल्शियम फारसं उतरत नाही. कॅल्शियमसाठी दूध, नाचणी, तीळ. आणखी एक: जिलेटिन हे अपुरं प्रथिन आहे, त्यात ट्रिप्टोफॅन हा शरीराला लागणारा प्रथिनांतला एक घटक नसतो. स्टॉकवर भागवू नका. सांगाड्यावरचं मांस पाऊण तासाने सोडवून बाजूला ठेवा आणि वाढताना त्यांच्या वाटीत घाला. मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच द्या.

डोंबिवली

गाळल्यावर उरलेली हाडं आम्ही खालच्या कुत्र्यांना घालतो, वाया जात नाहीत.

ठाण्याहून

कृपया नका घालू. शिजलेलं हाड ठिसूळ होऊन त्याच्या अणकुचीदार चिपा पडतात, घशात किंवा आतड्यात रुततात. आणि कांदा-लसूण कुत्र्यांना विषारी आहे, त्यामुळे हा स्टॉकही त्यांच्या भातावर नको.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल सांगाडा, दोन माना आणि पाय आणून कुकरमध्ये केला. आज सकाळी फ्रीज उघडला तर चमचा उभा राहील इतका घट्ट धरलाय, आणि कोबीचा वास नावालाही नाही. सासऱ्यांनी अर्धी वाटी आणखी मागून घेतली.

दोन गोष्टी राहिल्या. वर पिवळा थर आलाय तो काढून टाकू का? आणि हाडं अजून टणक आहेत, त्यांचं दुसरं पाणी काढतात का?

कोल्हापूरची सून

वा, छान झालं! थर चरबीचा आहे. फ्रीजमध्ये असेपर्यंत राहू द्या, खालच्या स्टॉकला हवा लागत नाही. सासऱ्यांना देताना मात्र चमच्याने पूर्ण काढा. काढलेली चरबी वाटीत जपून ठेवा, पुढच्या रविवारी रश्श्याचा कांदा तिच्यावर परता.

दुसरं पाणी निघतं, पण त्याच दिवशी काढायला हवं. फ्रीजमध्ये ठेवलेली असतील तर आज करून टाका. निम्मं पाणी घालून कुकरमध्ये पुन्हा पाऊण तास. ते धरत नाही आणि चवीलाही फिकं असतं, त्यामुळे प्यायला देऊ नका. पुलावाच्या भाताला किंवा रश्श्यात पाण्याऐवजी घाला. त्यानंतर हाड बोटांनी दाबून बघा: चुरलं तर काम झालं, टाकून द्या.