मदत हवी आहे: मोबाइलचा व्हिडिओ आणि रेकॉर्डरचा आवाज शेवटी शेवटी जुळतच नाही

नमस्कार मंडळी, दोन रात्री डोकं खाल्लंय या प्रकरणाने म्हणून शेवटी इथे विचारतोय. आमच्या काकांच्या आठवणी रेकॉर्ड केल्या, 1 तास 12 मिनिटं, एका बैठकीत. चित्र मोबाइलवर (1080पी, 30 एफपीएस, म्हणजे सेकंदाला 30 फ्रेम) आणि आवाज वेगळ्या छोट्या रेकॉर्डरवर, कारण मोबाइलचा माइक लांब होता आणि पंख्याची घरघर येत होती. केडेनलाइव्हमध्ये (व्हिडिओ एडिटर) दोन्ही टाकलं, मोबाइलचा आवाज म्यूट केला, सुरुवातीला काका काठी टेकवतात तो "टक्" पकडून जुळवलं, एकदम परफेक्ट. खूश होऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी शेवट बघतो तर ओठ आधी हलतायत आणि आवाज मागाहून येतोय, जवळपास 3 सेकंदांनी! काका हसून मोकळे होतात आणि मग विनोद ऐकू येतो. शेवटचा "टक्" जुळवला तर सुरुवात बिघडते. साधारण 40 मिनिटांपर्यंत फारसं काही जाणवत नाही, त्यानंतर वाढत जातं. रेकॉर्डरचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतो तो आकडा) 44.1 किलोहर्ट्झ होता आणि प्रोजेक्ट 48 चा आहे, त्यामुळे होतंय का? परत रेकॉर्ड करणं शक्य नाही, काका म्हणतात एकदा सांगितलं ते सांगितलं.

– काठीचा_टक्

सॅम्पल रेटच आहे, डोळे झाकून सांगतो. ऑडॅसिटीत (आवाजाचा एडिटर) 48 करून एक्स्पोर्ट करा, काम खल्लास.

– बेसबूस्टर

डोळे उघडून बघा हो जरा. 44.1 ची फाइल कोणी चुकून 48 समजून वाजवली तर 72 मिनिटांचं बोलणं 66 मिनिटांत संपेल, म्हणजे फरक 3 सेकंदांचा नाही, जवळजवळ 6 मिनिटांचा, आणि काकांचा आवाज पातळ येईल तो वेगळाच. एडिटर 44.1 चं 48 आपलं आपण करून घेतो, त्यात लांबी बदलत नाही. 44.1 हा सीडीचा आकडा, 48 व्हिडिओवाल्यांचा, दोन्ही एका टाइमलाइनवर सुखाने नांदतात.

काठीचा_टक्, एक करा. मोबाइलचा जो आवाज म्यूट केलात तो चालू करा आणि शेवटची 2 मिनिटं तिन्ही एकत्र बघा: चित्र, मोबाइलचा आवाज, रेकॉर्डरचा आवाज. कोण कोणापासून फुटलंय ते सांगा. आणि मूळ क्लिप मीडियाइन्फोमध्ये (फाइलची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून "फ्रेम रेट मोड" समोर काय लिहिलंय तेही.

– फ्रेममोजणी

बापरे. दोन्ही आवाज एकमेकांशी जवळजवळ जुळतात, शेवटी किंचित घुमल्यासारखं येतं इतकंच. चित्रच एकटं पुढे पळतंय! आणि गंमत म्हणजे तीच क्लिप व्हीएलसी प्लेअरमध्ये नुसती लावली तर शेवटपर्यंत बरोबर. मीडियाइन्फोमध्ये "व्हेरिएबल" (म्हणजे बदलता), सरासरी 29.98. आता आठवतंय, क्लिप टाकताना केडेनलाइव्हने फ्रेम रेटबद्दल काहीतरी विचारलं होतं, मी न वाचता बंद केलं 🙈

– काठीचा_टक्

मग तुमचा रेकॉर्डर निर्दोष सुटला (जवळजवळ, त्या घुमण्याचं नंतर बघू).

मोबाइल 30 म्हणतो तरी दर सेकंदाला मोजून 30 फ्रेम देतोच असं नाही. उजेड कमी झाला की एकेक फ्रेम जास्त वेळ उघडी ठेवावी लागते, फोन तापला की वेगळी कुरकुर, अशा वेळी फ्रेम कमी पडतात. फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमसोबत तिची वेळ नोंदलेली असते, व्हीएलसी ती पाळतो म्हणून तिथे सगळं नीट. एडिटरने मात्र 30 ची पट्टी धरून फ्रेम एकापाठोपाठ एक चिकटवल्या की चित्र लवकर संपणार. 72 मिनिटं म्हणजे 4320 सेकंद, गुणिले 29.98, झाल्या साधारण 129514 फ्रेम, भागिले 30, आले 4317. गेले की नाही तुमचे 3 सेकंद? आणि 40 मिनिटांनंतरच का वाढलं, तर माझा अंदाज, तेव्हा खोलीत अंधारायला लागलं असेल.

उपाय: मूळ क्लिप हँडब्रेकमध्ये (व्हिडिओ कन्व्हर्टर) घ्या, व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेट 30 करा आणि त्याच्या खाली "कॉन्स्टंट फ्रेमरेट" निवडा, ही खालची टिकली विसरलात तर सगळी मेहनत पाण्यात. क्वालिटी आरएफ 18 च्या आसपास ठेवा, फाइल मोठी होईल, होऊ दे. मोबाइलचा आवाज काढून टाकू नका, जुळवायला लागेल. एडिटिंग केलेलं असेल तर नव्या फाइलवर परत करावं लागेल, त्याला इलाज नाही. मूळ फाइल मात्र डिलीट करू नका.

– फ्रेममोजणी

खिडकीतून संध्याकाळचा उजेड होता आणि दिवा लावायला कोणी उठलं नाही!! अगदी बरोबर. रात्रभर हँडब्रेक लावून ठेवला, सकाळी बघितलं, चित्र आणि मोबाइलचा आवाज शेवटपर्यंत एक. पण रेकॉर्डरचा आवाज शेवटी अजून 4 फ्रेम मागे आहे. हे माझ्याच कानांना खुपतंय का?

– काठीचा_टक्

नाही, खुपणारच. 4 फ्रेम म्हणजे 133 मिलिसेकंद. आवाज थोडा मागून आला तर चालून जातं, लांबच्या आवाजाची कानाला सवयच असते, पण युरोपातल्या प्रसारकांची जी शिफारस आहे त्यात आवाज 60 मिलिसेकंदांपेक्षा मागे नको आणि 40 पेक्षा पुढे नको असं आहे. तुम्ही त्याच्या दुप्पट बाहेर.

हे दुखणं वेगळं. फोन आणि रेकॉर्डर, दोघांत आपापला क्रिस्टल, म्हणजे दोन घड्याळं, आणि दोन स्वस्त घड्याळं तासाभराने एक वेळ दाखवत नाहीत. तुमचा फरक दहा लाखांत 30 च्या आसपास आहे, अगदी नॉर्मल. आवाज ताणायच्या भानगडीत पडू नका. साधारण दर 18 मिनिटांनी काका जिथे श्वास घ्यायला थांबतात तिथे रेकॉर्डरचा ट्रॅक कापा, शांततेतली 1 फ्रेम काढा आणि पुढचं सगळं तेवढं अलीकडे, डावीकडे ओढा. चार ठिकाणी केलं की झालं. मात्र पंख्याची घरघर मागे असेल तर कापाच्या जागी छोटासा क्रॉसफेड (एक तुकडा विरतो तसा दुसरा चढतो) द्या, नाहीतर टिचकी ऐकू येते.

– मंद्रसप्तक

+1. आणि पुढच्या वेळी सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे टाळी वाजवा. किती घसरलं ते दोन मिनिटांत मोजता येतं.

– फ्रेममोजणी

जमलं!! तीन काप श्वासाच्या जागी बसले, चौथ्या जागी काका 11 मिनिटं श्वासच घेत नाहीत, तिथे खोकल्याआधी कापलं. विनोद आणि हसू आता एकाच वेळी येतं. फ्रेममोजणी, मंद्रसप्तक, मनापासून आभार. बेसबूस्टर, तुमचेही, तुमच्यामुळे 44.1 ची भीती गेली 😄

– काठीचा_टक्