मदत हवी आहे: कन्सेप्ट मॅप काढला, पण त्याचं जाळं झालं (विषय: नागपूरचा उन्हाळा)

झळ

नमस्कार मंडळी,

मी नागपूरला एम.ए. भूगोलाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधिकेसाठी ‘नागपूरचा उन्हाळा’ असा विषय घेऊन सरांकडे गेले. सर म्हणाले, "हा विषय नाही, ऋतू आहे. आधी कन्सेप्ट मॅप काढून आण, मग बोलू." तो कसा काढायचा हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दोन रात्री बसून काढला. कार्डशीटच्या मधोमध ‘उन्हाळा’ असा मोठा गोल आणि चहूकडे फाटे: तापमान, सिमेंटचे रस्ते, झाडं, कूलर, टँकर, वीजबिल, उष्माघात, नवतपा, फुटाळा, अंबाझरी, संत्री, शाळांच्या वेळा, डेंग्यू... मोजले तर ५७ चौकोन भरले. धाकट्या भावानं विचारलं, ताई मेट्रोचा नकाशा काढतेस का? मेट्रोचा परवडला, त्यात कुठं उतरायचं ते तरी कळतं.

यातून विषय बाहेर कसा काढायचा? की माझ्या पद्धतीतच काही चुकलंय? सॉफ्टवेअर वापरलं तर सोपं जाईल का? शुक्रवारी सरांना दाखवायचं आहे.

धंतोलीकर

तुम्ही काढलाय तो माइंड मॅप. मध्ये एक शब्द आणि बाहेर फुटत जाणाऱ्या फांद्या. टोनी बुझान यांनी १९७०च्या दशकात तो लोकप्रिय केला. सुचेल ते सगळं कागदावर ओतायला फार चांगला. पण सरांनी मागितलेली चीज वेगळी आहे.

कन्सेप्ट मॅपमध्ये महत्त्व चौकोनांना नसतं, त्यांना जोडणाऱ्या बाणांना असतं. प्रत्येक बाणावर शब्द लिहायचे, बहुतेक वेळा क्रियापद. चौकोन, बाण, चौकोन असं सलग वाचलं की पूर्ण वाक्य व्हायला हवं, आणि ते खरं की खोटं हे विचारता यायला हवं. ‘उन्हाळा – कूलर’ यात विचारण्यासारखं काहीच नाही. ‘सिमेंटचा रस्ता – साठवतो – दिवसाची उष्णता’ हे विधान झालं. त्यावर लगेच पुढचा प्रश्न येतो: मग ती रात्री कधी, किती सुटते?

ही पद्धत कुठून आली ते कळलं की मुद्दा पक्का बसतो. कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांचा गट शाळकरी मुलांची विज्ञानाची समज वर्षागणिक कशी बदलते याचा अभ्यास करत होता. मुलाखतींच्या कागदांचे ढीग साचले, पण मुलाच्या डोक्यात नेमकं काय बदललं ते त्यातून चटकन दिसेना. म्हणून १९७२ मध्ये त्यांनी मुलांची विधानं अशी चित्रात मांडायला सुरुवात केली. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांचं म्हणणं त्यामागे होतं: नवं ज्ञान आधीच्या ज्ञानाला जोडलं गेलं तरच ते टिकतं. म्हणजे हा नकाशा विषयाचा कमी आणि तुमच्या समजुतीचा जास्त असतो. सरांना तोच पाहायचा असणार.

वऱ्हाडी ठेचा

बाप्पा, ५७! ताई, सरांले चष्मा बदलून घ्यावा लागन.

कार्डशीट गुंडाळून ठेव. कोऱ्या कागदाच्या वरच्या बाजूला एक प्रश्न लिही. ‘उन्हाळा’ हा शब्द नाही, प्रश्न, शेवटी प्रश्नचिन्हासकट. मग त्या प्रश्नाच्या कामाचे शब्द चिठ्ठ्यांवर लिहून बाजूला मांड. पंधरा ते पंचवीस पुरतात. व्यापक शब्द वर, बारीकसारीक खाली. चिठ्ठ्या सरकवता येतात म्हणून चिठ्ठ्याच घे, पेनानं चौकोन काढला की मोह सुटत नाही. ज्या चिठ्ठीला जागा सापडत नाही ती तशीच बाजूला पडू दे, ओढूनताणून बसवू नको.

सॉफ्टवेअरची घाई नको. सीमॅप टूल्स फुकट मिळतं आणि याच कामासाठी बनवलेलं आहे, पण ते नीटनेटकं करायला. पहिल्या खेपेला स्क्रीनवर बसलीस तर रंग निवडण्यात रात्र जाईल (अनुभवाचे बोल).

झळ

दोघांचेही आभार. काल चिठ्ठ्या केल्या. प्रश्न लिहिला: ‘नागपूरचे लोक उन्हाळ्याला कसे तोंड देतात?’ चिठ्ठ्या २२ वर आल्या. संत्री, फुटाळा, शाळांच्या वेळा बाजूला पडल्या, थोडं वाईट वाटलं.

अडचण अशी की बहुतेक बाणांवर मी ‘मुळे’ किंवा ‘शी संबंधित’ एवढंच लिहिलंय. आणि ‘डेंग्यू’ची चिठ्ठी फेकवत नाही. मागच्या वर्षी मावशीला झाला होता म्हणून लिहिली, पण तो तर पावसाळ्यातला आजार. उन्हाळ्याच्या नकाशात तिचं काय काम?

धंतोलीकर

‘शी संबंधित’ म्हणजे मला माहीत नाही, असं सभ्य भाषेत लिहिणं. ते खोडून त्या बाणावर लाल पेनानं प्रश्नचिन्ह काढा. जिथे क्रियापद सुचत नाही तिथेच वाचन करायचं असतं. आणि संदर्भ शोधताना नुसतं ‘उन्हाळा’ टाकू नका, बाणाच्या दोन्ही टोकांचे शब्द एकत्र टाका.

एक आगाऊ सूचना: उष्णतेच्या कृती आराखड्याकडे (उष्णतेच्या लाटेत शहरानं काय करायचं त्याची योजना) वळू नका. २०१३ मध्ये अहमदाबादनं तो केल्यापासून त्या वाटेनं बरेच जण गेलेत.

टाकीतपासनीस

डेंग्यूची चिठ्ठी फेकू नका! मी काही वर्षं डास-सर्वेक्षणाच्या कामावर घरोघरी फिरलोय. तुमच्या यादीत कूलर आहे ना? तोच पूल.

आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी असते, म्हणून पाणी उडून जाताना हवा गार होते आणि कूलर चालतो. जूनमध्ये पाऊस आला की हवेत दमटपणा येतो, कूलर चिकचिक करतो आणि लोक बटण बंद करतात. फक्त बटण. टाकीतलं पाणी तसंच. त्यात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला अंडी चिकटवते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायला सांगतात. नुसतं पाणी ओतूनही भागत नाही, कारण ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. टाकी घासून कूलर माळ्यावर टाकणारी घरं मला कमी दिसली.

झळ

अंगावर काटा आला. म्हणजे ‘कोरडी हवा – चालवते – कूलर’ आणि दुसऱ्या टोकाला ‘साचलेलं पाणी – वाढवतं – एडिस’, हे दोन्ही माझ्याच कागदावर होते, वीतभर अंतरावर.

वऱ्हाडी ठेचा

यालाच आडवा दुवा म्हणतात. नकाशाच्या दोन वेगळ्या भागांना जोडणारा बाण. एक जरी खरा सापडला तरी कागद वसूल. पण ताई, हे आरोग्याच्या पोरांनी केलं तर? तुझा भूगोल कुठं आहे यात?

झळ

हाच प्रश्न रात्रभर छळत होता. ‘कूलर’च्या खाली नवीन चिठ्ठ्या लावल्या: खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवरचा, गच्चीवरचा, घरात चाकांवर फिरणारा. महाल-इतवारीच्या अरुंद गल्ल्यांत तो खिडकीला टांगलेला, आतून हात पोचत नाही. मानेवाड्याकडच्या नव्या लेआउटमध्ये अंगण आहे, नळीनं धुता येतो. शिवाय जिथे पाणी रोज येत नाही तिथे भरलेली टाकी ओतून द्यायला जीव धजत नसेल का? या बाणावर सध्या लाल प्रश्नचिन्ह आहे.

धंतोलीकर

हे प्रश्नचिन्ह जपा. दोन वस्त्या पुरेत, तिसरी घेऊ नका.

झळ

अपडेट: आज सरांना दाखवलं. १९ चौकोन, चार लाल प्रश्नचिन्हं. वरचा प्रश्न आता असा आहे: ‘पाऊस सुरू झाल्यावर कूलरच्या टाकीचं काय होतं, आणि घराच्या ठेवणीप्रमाणे ते बदलतं का?’ सरांनी दहा मिनिटं काहीच न बोलता बोटानं बाण वाचले. ‘डेंग्यू’ला जाणारा शेवटचा बाण खोडला, म्हणाले रुग्ण तू मोजणार नाहीस, टाकीपर्यंतच थांब. मग विचारलं, "जुलै चालू आहे, इथे काय करतेस?"

घरच्या कूलरपासून सुरुवात करावी म्हणून संध्याकाळी वही घेऊन गच्चीवर गेले. धागा वाचून बाबांनी दुपारीच टाकी घासून उलटी घातली होती. माझा पहिला नमुना गेला. उद्या शेजारच्या काकूंकडे विचारते. तोवर कृपया कोणी त्यांना हा धागा पाठवू नका.