बोर्डीत लेकीला अंगणवाडीत घालू की डहाणूच्या नर्सरीत?

लेकीची_आई:
नवऱ्याच्या बदलीमुळे जूनमध्ये बोर्डीला आलो. लेक सव्वातीन वर्षांची. अंगणवाडी घरापासून पाच मिनिटांवर, पण सासूबाई म्हणतात, तिथं नुसती खिचडी मिळते. डहाणूला एका इंग्रजी नर्सरीत गेलो, तर बाईंनी पहिल्याच भेटीत तिला एबीसीडी म्हणायला लावली. पोर माझ्यामागं लपली. इथल्या अंगणवाड्यांत खरंच शिकवतात का?

चिकूवाडी:
सगळं सेविकेवर आहे. आमच्या पाड्यावरची उत्तम, शेजारची निम्मे दिवस बंद. घाई मात्र करू नका. पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण लागतात, म्हणजे तुमच्या हातात अख्खी तीन वर्षं आहेत.

निवृत्त_सेविका:
ताई, तुम्ही राहता त्याच बोर्डीत बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पाड्यावरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. सरकारी योजना १९७५ ची, खूप नंतरची.

मी एकतीस वर्षं हे काम केलं. न सांगता साडेदहाला जा आणि तासभर बसा. सेविका मुलांबरोबर खाली बसलीय की मोबाइलमध्ये आहे, ते बघा. मोबाइलमध्ये असली तरी लगेच दोष देऊ नका. हजेरी, वजन, उंची सगळं पोषण ट्रॅकर या सरकारी अॅपवर भरावं लागतं. शेवटच्या वर्षांत मीसुद्धा गाणं अर्ध्यावर सोडून फोटो काढायला उठलेय. मुलं तशीच हात वर धरून थांबायची. ते अजून खुपतं मला.

चिंचोके, शिंपले, चिकूच्या बिया मुलांच्या हातात आहेत का? वारली बोलणाऱ्या मुलाशी ती आधी वारलीत बोलते का? पाटीवर अक्षरं किती, ते मोजू नका. तीन वर्षांच्या बोटांना अजून पेन्सिल पेलत नाही, त्यांना माती मळू द्या. आणि सासूबाईंना सांगा, खिचडीला नावं ठेवू नका. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ठरावीक कॅलरी आणि प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. कित्येक पोरांचं दिवसातलं पोटभर जेवण तेवढंच असतं.

लेकीची_आई:
आज जाऊन आले. चित्रांची पुस्तकं कपाटात कुलपात होती, ते पाहून वाईट वाटलं. पण ताई पोरांच्या घोळक्यात बसून पावसाचं गाणं म्हणत होत्या. लेक आधी माझा पदर धरून उभी होती, मग एका मुलानं तिच्या ओंजळीत चिंचोके ओतले, तशी खाली बसली. घरी आल्यापासून तेच गाणं चाललंय, अर्धं वारलीत. सोमवारपासून पाठवतेय. पुस्तकांसाठी मुलांच्या हाताला येईल अशी फळी ठोकून देऊ का, असं ताईंना विचारलं. "उद्याच आणा" म्हणाल्या.