माशाला कॅन्सर देऊन माणसाच्या हाती काय लागतं?

निवडुंग:
ओवी यांनी लिहिलंय, "झेब्राफिश या छोट्या पट्टेरी माशाची जनुकं बदलून त्याला मुद्दाम कॅन्सर देतात. हा निव्वळ छळ आहे आणि त्यातून हाती काहीच लागत नाही." छळावर भांडा, जरूर भांडा. पण "काहीच लागत नाही" हे वाचून गप्प बसवेना.

माणसाच्या मेलानोमात, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींच्या कॅन्सरमध्ये, सापडणारं बीआरएएफ जनुकाचं म्युटेशन (जनुकातला बिघाड) २००५ साली या माशात घातलं. तेवढ्याने नुसते तीळ उठले. सोबत गाठींना आवर घालणारं पी५३ जनुक बिघडवलं, तेव्हा कुठे मेलानोमा झाला. मग २०१६ मध्ये बॉस्टनच्या लिओनार्ड झॉन यांच्या प्रयोगशाळेने अशाच माशांत एक सोय केली. भ्रूण असताना चालू असणारं आणि नंतर झोपी जाणारं क्रेस्टिन जनुक पुन्हा जागं झालं, की पेशी हिरवी चमकणार. बिघाड हजारो पेशींत, हिरवी होते एखादीच, आणि गाठ धरते ती तिथेच. गाठ होण्याआधीची ती एकटी पेशी जिवंत प्राण्यात डोळ्यांनी दिसली! केसाळ उंदरात हे कसं बघणार होतात?

ओवी:
पेशी दिसली. पेशंटला काय मिळालं? माझे वडील फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेले. माशाला फुफ्फुसच नाही. स्तन नाही, प्रोस्टेट नाही, स्तनाच्या कॅन्सरशी जोडलेलं बीआरसीए१ जनुकसुद्धा नाही. वडिलांच्या आजारपणात "उपाय सापडला" अशा बातम्यांची कात्रणं घेऊन मी डॉक्टरांपुढे उभी राहायचे. ते वाचायचे आणि घडी घालून परत द्यायचे.

निवडुंग:
ओवीताई, बातमीदारांचा राग माशावर काढताय. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात जोड आहे, २०१३ सालीच...

ओवी:
टक्केवारी मलाही वाचता येते. वडील गेलेल्या माणसाला शिकवणी लावू नका.

पाणवठा:
मी तीन वर्षं या टाक्या सांभाळल्या. पाणी २८ अंशांवर, सकाळी दिवे लागले की अंडी. गाठ आलेला मासा तळाशी कोपरा धरतो, खाणं टाकलं तरी वर येत नाही. भूल देऊन त्याला मारायचं काम माझ्याकडे होतं. माशाला काही कळत नाही म्हणणाऱ्याने तो कोपरा बघावा. तरी मी टिकलो, कारण बरीचशी कामं खायलाही न लागलेल्या भ्रूणांवरच उरकतात.

कोरांटी:
मेलानोमा म्हणजे गोऱ्यांचा, उन्हाचा आजार, हे डोक्यातून काढा आधी! माझ्या आत्याच्या टाचेवर काळा डाग होता. दीड वर्ष भोवरी म्हणून मलम लावलं. तीन डॉक्टर झाले, एकानेही तळवा वर करून पाहिला नाही. सावळ्या-काळ्या माणसांत हा बहुतेक तळव्यावर, नखाखाली येतो, उन्हाशी संबंध नाही. बॉब मार्ली पायाच्या नखाखालच्या मेलानोमाने ३६ व्या वर्षी गेला.

रानजाई:
माझ्या अंगठ्याच्या नखावर उभी काळी रेघ आहे. मार लागला असेल असं समजत होते.

कोरांटी:
रुंद होतेय का? नखाच्या मुळाशी कातडीवर उतरलीय का? उतरली असेल तर आजच त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. नसेल तरी दाखवा. मोजे काढून दाखवा, त्यांनी विचारायची वाट बघू नका.

ओवी:
हे महत्त्वाचंच आहे. पण विषय माशाचा होता ना?

निवडुंग:
माशाचाच आहे. तळव्याच्या मेलानोमात सीआरकेएल जनुकाच्या जादा प्रती सापडतात. ते जनुक माशाच्या रंगपेशींत वाढवलं, तर गाठी अंगापेक्षा पोहायच्या परांवर जास्त आल्या. पर आणि आपले हातपाय एकाच मुळाचे. म्हणजे जागाच ठरवते कुठलं जनुक घात करणार. हे २०२२ चं काम आहे. कोरांटीच्या आत्याला जो झाला, नेमका तोच आजार.

कोरांटी:
हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

ओवी:
मलाही माहीत नव्हतं. "काहीच नाही" हा शब्द मागे घेते, तेवढाच. फुफ्फुसाचं उत्तर अजून आलेलं नाही, आणि पाणवठा यांनी सांगितलेला कोपरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

रानजाई:
रेघ कातडीवर उतरलीय. उद्या सकाळची वेळ मिळाली आहे.