मदत हवी आहे: एफवायचं कॅल्क्युलस, डेल्टामध्ये तो १ येतो कुठून?

चोपड्याकडचा

नमस्कार मंडळी. बी.एस्सी. एफवायला आहे, मॅथ्स घेतलंय. गाव चोपडा तालुक्यात, कॉलेज जळगावला, एसटीनं अप-डाऊन करतो. दहावीपर्यंत मराठी मीडियम. बारावीला मॅथ्सला मार्क चांगले होते. डेरिव्हेटिव्ह म्हणा, इंटिग्रेशन म्हणा, फटाफट यायचं. पहिल्या सेमिस्टरला कॅल्क्युलस आहे म्हटल्यावर मी निवांतच होतो.

आणि पहिल्याच युनिटला एप्सिलॉन-डेल्टा, म्हणजे लिमिटची काटेकोर व्याख्या: कुणी कितीही लहान एप्सिलॉन दिला तरी असा डेल्टा सापडला पाहिजे, की क्ष त्या बिंदूपासून डेल्टाच्या आत असला की उत्तर लिमिटपासून एप्सिलॉनच्या आत राहतं. तिथून गाडी पुढे जाईना. (मोबाईलवर मराठी कीबोर्ड आहे, एक्सच्या जागी क्ष लिहितोय, सांभाळून घ्या.)

गणित असं: क्ष २ कडे जाताना क्ष² ची लिमिट ४ आहे, हे व्याख्येवरून सिद्ध करा. फळ्यावर आलं ते असं:

|क्ष² − ४| = |क्ष − २| × |क्ष + २|
समजा |क्ष − २| < १. म्हणजे १ < क्ष < ३, म्हणून |क्ष + २| < ५.
डेल्टा = मिनिमम (१, एप्सिलॉन/५) घ्या. सिद्ध झाले.

आता माझे प्रश्न.

तो १ कुठून आला? गणितात तर कुठेच दिलेला नाही. दुसरं, मी सरळ डेल्टा = एप्सिलॉन/|क्ष + २| धरलं तर गुणाकार बरोब्बर एप्सिलॉन येतो. मग ते का चालत नाही? आणि तिसरं, बाकीची पोरं म्हणतात हे युनिट ऑप्शनला टाक. टाकू का?

क्लास लावणं जमणार नाही. शेवटची गाडी चुकली की मग जीप शोधत बसा. अभ्यास रात्रीच होतो, त्यातही ज्या आठवड्यात शेताची लाईट रात्रपाळीला असते तेव्हा विहिरीवर बसून. सिलॅबस पळतोय, वर्गात एकच गोष्ट परत परत विचारायला लाज वाटते.

धुळ्याची ताई

मी इंजिनिअरिंगवाली, त्यामुळे हिशोबी सल्ला देते. टाक ऑप्शनला. रोल, लाग्रांज, कॉशीची थिअरम, लोपितालचा नियम, लायब्निट्झचं एनवं डेरिव्हेटिव्ह, टेलर-मॅक्लॉरिन. एवढं पक्कं कर, पेपर निघतो. विद्यापीठाचे जुने पेपर काढ, कशाला किती मार्क आहेत ते बघ आणि त्या प्रमाणात वेळ दे. आम्हाला तर एप्सिलॉन-डेल्टा कुणी विचारलंच नाही, लिमिट काढता आली की झालं.

रातपाळी

काय भो, जळगावकर म्हणून उत्तर द्यायला आलो. मी एमआयडीसीत पीव्हीसी पाइपच्या लाइनवर आहे. डिप्लोमा झालाय, तुमची थिअरी येत नाही. पण तुझा दुसरा प्रश्न वाचला आणि म्हटलं, हे तर आमचं रोजचं आहे.

पाइपच्या भिंतीची जाडी हॉल-ऑफच्या, म्हणजे पाइप ओढणाऱ्या यंत्राच्या, स्पीडवर असते. पाइप जोरात ओढला की भिंत पातळ, हळू ओढला की जाड. पार्टी ऑर्डर देतानाच सांगते, जाडी इतकी पाहिजे आणि इतकी कमी-जास्त चालेल. हे पहिलं ठरतं, त्यात आपलं काही चालत नाही. मग आम्ही ठरवतो की स्पीड जास्तीत जास्त किती हलू द्यायचा. हे दुसरं. आणि लाइन चालू झाल्यावर स्पीड त्या हद्दीत कुठेही हलला तरी माल पास झाला पाहिजे. हे तिसरं.

आता तू काय म्हणतोस? आधी पाइप काढू, त्याचा स्पीड बघू आणि त्यावरून स्पीडची हद्द ठरवू! हद्द लाइन सुरू व्हायच्या आधी लिहून द्यावी लागते भाऊ. तुझा क्ष म्हणजे चालू लाइनवरचा स्पीड. तो हद्दीत कसा येईल?

चुकलं असेल तर जाणकारांनी सांगावं.

जुना फळा

रातपाळी, काही चुकलं नाही. कित्येक वर्षं मी हे शिकवलं, पण क्रम इतका स्वच्छ मांडलेला फार कमी पाहिला. एप्सिलॉन समोरचा देतो. डेल्टा आपण देतो. क्ष त्यानंतर येतो, आणि तो कोणता हे निवडायचा हक्क परत समोरच्याचा. म्हणून डेल्टामध्ये एप्सिलॉन असू शकतो, क्ष असू शकत नाही. बाळा, तुझा दुसरा प्रश्न इथे संपला.

आता पहिला. तुझी अडचण एकच आहे: |क्ष + २| हा आकडा क्षबरोबर हलतो. त्याला वरून कुठेतरी झाकण हवं. क्ष कुठेही भटकला तर क्ष + २ कितीही मोठा होईल, मग झाकण बसणार नाही. म्हणून आपण आधीच क्षला २ च्या आसपास कोंडतो. किती जवळ? तुझी मर्जी. १ घेतला कारण १ सोपा आहे, बाकी त्यात काहीही नाही. अर्धा घे. मग क्ष २.५ च्या खाली, क्ष + २ हा ४.५ च्या खाली, आणि डेल्टा = मिनिमम (१/२, एप्सिलॉन/४.५). हेही तितकंच बरोबर. १०० घेतलेस तर क्ष + २ हा १०४ च्या खाली, डेल्टा = मिनिमम (१००, एप्सिलॉन/१०४). दिसायला विचित्र, पण परीक्षकाला मार्क कापता येणार नाहीत. सगळ्यात मोठा डेल्टा शोधा असं व्याख्या कुठे म्हणते? एक चालणारा दाखवा, एवढंच.

मग मिनिमम कशाला, नुसतं एप्सिलॉन/५ का नाही? आकडे टाकून बघ. एप्सिलॉन ०.१ दिला तर डेल्टा ०.०२. क्ष अगदी कडेला म्हणजे २.०२ घेतला तरी वर्ग ४.०८०४, फरक ०.०८०४, पास. आता कुणी आडमुठेपणानं एप्सिलॉन १० दिला. एप्सिलॉन/५ म्हणजे २. डेल्टा २ धरला तर क्ष ३.९ येऊ शकतो. त्याचा वर्ग १५.२१, फरक ११.२१. नापास! कारण तो ५ आपल्याला मिळाला होता तो क्ष ३ च्या खाली आहे या अटीवर, आणि ३.९ नं ती अट मोडली. मिनिमममधला १ ती अट शाबूत ठेवायला असतो.

रात्री विहिरीवर बसून हे एकदा स्वतःच्या हातानं कर. वहीत कच्चं काम उलटं चालतं, शेवटाकडून सुरुवातीकडे: फरकातून |क्ष − २| बाहेर काढ, उरलेल्यावर झाकण बसव, मग डेल्टा ठरव. पक्कं लिहिताना सुलटं लिहायचं. फळ्यावर पोरांना फक्त सुलटं दिसतं, म्हणून डेल्टा आकाशातून पडल्यासारखा वाटतो. हे शिकवणाऱ्यांचंच दुखणं आहे, माझ्यासकट.

धुळ्याची ताई

सर, हे छान समजलं, खरंच. पण प्रश्न तोच राहतो. एवढा वेळ घालून मार्क किती?

जुना फळा

ताई, तुमच्या शाखेला तुमचा सल्ला योग्य आहे. पण हा पोरगा मॅथ्स घेऊन बसलाय. लाग्रांजची थिअरम रोलवर उभी आहे आणि रोलची सातत्यावर, म्हणजे कंटिन्युइटीवर. सातत्याची व्याख्या ही जवळपास हीच एप्सिलॉन-डेल्टाची. पुढे रिअल ॲनालिसिस आलं की परत हेच, जास्त जोरात. आज ऑप्शनला टाकलं तर तेव्हा व्याजासकट भरावं लागेल.

आणि हे पहिल्या वाचनात कळलं नाही म्हणून लाजू नये. न्यूटन आणि लायब्निट्झ यांनी सतराव्या शतकात कॅल्क्युलस उभं केलं, पण अगदी बारीक वाढ म्हणजे नेमकी किती, शून्य की शून्य नव्हे, याचं धड उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं. १७३४ मध्ये बर्कली नावाच्या एका बिशपनं यावरून गणितज्ञांची जाहीर टर उडवली. मरून गेलेल्या राशींची भुतं म्हणाला त्या वाढींना! गणित चालत होतं, उत्तरं बरोबर येत होती, फक्त का येतात ते सांगता येत नव्हतं. कॉशीनं १८२१ च्या सुमारास लिमिटला मध्यभागी आणून बसवलं, आणि आज तुम्ही रडता ती काटेकोर व्याख्या रूढ झाली वायरस्ट्रासच्या हातून, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. शंभरावर वर्षं मोठमोठी डोकी जिथे चाचपडली, तिथे सिलॅबस मोजके तास देतो.

थोडं विषयांतर. चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेला आहेस का? तिथल्या पाटण गावात १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याची ती नोंद. तेव्हा खान्देशात गणिताचं कॉलेज आठशे वर्षांपूर्वीचं आहे असं म्हणायला हरकत नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या ग्रंथात ग्रहांची तात्कालिक गती काढताना ज्याचा, म्हणजे साइनचा, बारीक फरक कोज्येच्या पटीत असतो हे वापरलं आहे. साइनचं डेरिव्हेटिव्ह कोसाइन, त्याचंच ते रूप. मात्र यावरून कॅल्क्युलसचा शोध आपणच लावला म्हणून छाती काढू नये. सर्वसाधारण रीत त्यात नाही, एप्सिलॉन तर नाहीच.

केळीबाग

मी रावेर साइडची, एमएस्सी करतेय. दादा, दोन कामाच्या गोष्टी सांगते. जिओजेब्रा फुकट आहे, मोबाईलवर चालतं. क्ष² चा आलेख काढ, ४ च्या वर-खाली दोन आडव्या रेषा मार आणि त्या जवळ आणत जा. दोन्ही रेषा आलेखाला जिथे कापतात तिथून खाली उभ्या रेषा सोड. त्या २ पासून डावीकडे आणि उजवीकडे सारख्या अंतरावर येत नाहीत, उजवीकडची जवळ असते. डेल्टा त्या जवळच्या अंतराएवढा किंवा त्याहून लहान घ्यायचा. हे डोळ्यांनी दिसलं ना, की व्याख्या पाठ करावी लागत नाही.

आणि इंग्लिशचं. मी पण मराठी मीडियमची. मला गणित अडत नव्हतं, वाक्य अडायचं. "प्रत्येक एप्सिलॉनसाठी असा एक डेल्टा आहे की" हे एकदा मराठीत वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आणि इंग्लिश वाक्य त्याच्याखाली, तुकड्याला तुकडा जोडून. मग वाचताना घाई व्हायची नाही. अकरावी-बारावीची पुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफमध्ये फुकट आहेत, लिमिट आणि सातत्य कच्चं वाटलं तर अकरावीचा दुसरा भाग उघड. लेक्चर ऐकायची तर एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन लेक्चरच्या साइटवर, आहेत, पण गावात रेंज असेल तेव्हा उतरवून ठेव.

जुना फळा सर, त्याला एक गणित द्या ना, १ घेतला तर फसेल असं.

जुना फळा

घे. क्ष १/२ कडे जाताना १/क्ष ची लिमिट २ आहे, हे सिद्ध कर.

चोपड्याकडचा

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, कालपासून कापूस वेचणीला मजूर मिळेनात म्हणून घरचेच लागलोत. सर, गणित केलं. बघा बरं.

|१/क्ष − २| = २ × |क्ष − १/२| / |क्ष|

इथे खाली |क्ष| आहे, म्हणून वरून झाकण लावून उपयोग नाही. क्ष फार लहान होऊ नये हे बघायचं. १ घेतला तर क्ष −१/२ पासून ३/२ पर्यंत कुठेही येतो, मध्ये शून्य पण येतं आणि सगळं फुटतं. १/२ घेतला तरी क्ष शून्याच्या पाहिजे तितक्या जवळ जातो. म्हणून १/४ घेतला. मग क्ष १/४ पेक्षा मोठा, १/|क्ष| हा ४ पेक्षा लहान, आणि फरक ८ × |क्ष − १/२| पेक्षा लहान.

डेल्टा = मिनिमम (१/४, एप्सिलॉन/८).

१/३ घेतला असता तरी चाललं असतं ना? तेव्हा क्ष १/६ च्या वर, म्हणजे ६ दुणे १२, एप्सिलॉन/१२.

जुना फळा

शाब्बास! चाललं असतं. १/२ पेक्षा लहान असलेलं काहीही चाललं असतं.

दोन बारीक गोष्टी. पक्क्या उत्तराची सुरुवात "समजा एप्सिलॉन शून्याहून मोठा दिला आहे" इथून कर, नाहीतर तपासणारा तिथेच एक मार्क कापतो. आणि शेवटी "० < |क्ष − १/२| < डेल्टा असेल तर" यातलं डावीकडचं शून्य खाऊ नकोस. त्या बिंदूवर फल काय आहे याच्याशी लिमिटला घेणं-देणं नसतं, ते शून्य त्यासाठीच आहे.

धुळ्याची ताई

मीही सोडवून बघितलं, ८ च्या जागी ६४ धरून. एप्सिलॉन/६४ आलं तरी चालेल ना सर? झाकण जरा जास्तच सैल बसलं.

जुना फळा

चालेल. सैल झाकणाला मार्क कापत नाहीत.

रातपाळी

चोपड्याकडचा, लोपिताल आला की त्याचा पण धागा काढ. मी वाचतोय.