मिस्ट्री स्नेलचा शंख शेंड्याकडून पांढरा पडतोय, काय चुकतंय?

मानेवाडावाली:
नमस्कार. दोन फुटी टँक आहे, साधारण ६० लिटरचा. गप्पी मासे आणि तीन पिवळ्या मिस्ट्री स्नेल, म्हणजे पाण्यातल्या गोगलगायी. दिवाळीत आणल्या तेव्हा सुपारीएवढ्या होत्या, आता लिंबाएवढ्या झाल्यात. रात्री काचेवर चढून नळी वर काढून श्वास घेतात, ते बघत आम्ही मायलेक जेवण विसरतो.

आमच्याकडे बोअरचं पाणी. बादलीवर पांढरा थर बसतो. असलं पाणी त्या जिवांना नको म्हणून मी पहिल्यापासून आरओचंच घालतेय. पण महिनाभरात तिघींच्या शंखाचा शेंडा पांढरा, खरबरीत झाला. एकीला तर खड्डाच पडलाय, आणि ती परवापासून शंखाच्या तोंडाचं झाकण लावून तळाशी पडून आहे. गेली असेल का? मुलाला अजून सांगितलं नाही.

महालचा_टँकवाला:
ताई, आधी तिला बाहेर काढून वास घ्या. मेलेली गोगलगाय असा घाण वास मारते की शंकाच उरत नाही. झाकणाला हलकं बोट लावल्यावर आत ओढलं तर जिवंत आहे. गेली असेल तर लगेच काढा, नाहीतर अमोनिया वाढून गप्पीही जातील.

आता पाण्याचं. तुम्ही मायेनं केलं, पण नेमकं उलटं झालं. बादलीवरचा तो पांढरा थर मुख्यतः कॅल्शियमचा, आणि शंखही कॅल्शियम कार्बोनेटचाच. आरओत तेच निघून जातं. वर टँकमध्ये घाण कुजताना आम्ल तयार होतं, ते झेलायला पाण्यात काही उरत नाही, मग शंख विरघळतो. शेंडा सगळ्यात जुना, म्हणून आधी तो जातो. झालेला खड्डा भरून येत नाही, पण तोंडाकडची नवी कड चांगली येईल.

एकदम सगळं पाणी बदलू नका. दर आठवड्याला पाव टँक, बोअरच्या पाण्यानं. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, त्याचा तुकडा टाकून ठेवा. वाफवलेला पालकही द्या.

एक मात्र ध्यानात ठेवा: उन्हाळ्यात पाणी उडून पातळी उतरते, ती आरओनंच भरा. वाफ जाते, क्षार मागेच राहतात.

गोंदियाकर_आता_नागपुरात:
माशांना पांढऱ्या ठिपक्यांचं औषध घातलं होतं का? काहींत तांबं असतं, गोगलगायींना ते विषच. माझ्या पाच एका रात्रीत गेल्या. तेव्हापासून लेबल वाचल्याशिवाय थेंबही टाकत नाही.

आणि पाण्याच्या वरच्या काचेवर गुलाबी अंड्यांचा घोस दिसला नि पिल्लं नको असली, तर खरवडून गोठवा, मगच फेका. फुटाळा किंवा अंबाझरी तलावात सोडू नका, हात जोडून सांगतो. हिच्याच जातकुळीतल्या सोनेरी गोगलगायीनं आग्नेय आशियात धानाची रोपं फस्त केलीत. आमच्याकडे बांधाबांधावर धान आहे.

मानेवाडावाली:
दादा, वास नाही! बोट लावलं तर झाकण आत ओढलं. औषध कधीच घातलेलं नाही. आज १५ लिटर बोअरचं पाणी घातलं, समुद्रफेस उद्या आणते. मे महिन्यात इथे पारा ४५ पार जातो, तेव्हा काय करता?

महालचा_टँकवाला:
टँकचं वरचं झाकण काढून जाळी लावा, पातळी काठापासून चार बोटं खाली ठेवा, आणि छोटा पंखा पाण्यावर सोडा. आपली हवा कोरडी, दोन-तीन अंश सहज उतरतात. एअर पंप रात्रीही चालू ठेवा. पंख्यानं पाणी रोज उतरेल, तेव्हा आरओचा कॅन जवळच ठेवा.