इथे != नको, नॉट वापरा
एक्सएमएल फाइलमध्ये पोटविभागाचा स्तर पालक विभागापेक्षा बरोबर 1ने जास्त आहे ना, हे तपासायला, म्हणजे चुकीचे पोटविभाग शोधायला, कुणीतरी सुचवलेलं //विभाग/विभाग[@स्तर != ../@स्तर + 1] हे एक्सपाथ (एक्सएमएलमधले घटक निवडायच्या भाषेतलं सूत्र; != म्हणजे ‘समान नाही’) बरंचसं काम करतं, पण त्यात एक फट आहे. ज्या पोटविभागावर स्तर हे अ‍ॅट्रिब्यूट लिहायचंच राहिलंय, तो नेमका यातून निसटतो! रिकाम्या नोड-सेटची (निवडलेल्या घटकांच्या संचाची) आकड्याशी तुलना केली की उत्तर फॉल्सच येतं, मग चिन्ह = असो वा !=. माझी अख्खी दुपार यात गेली होती. म्हणून चौकोनी कंसात नॉट(@स्तर = ../@स्तर + 1) असं लिहा. आणि नियम शक्यतो स्किमाट्रॉनमध्ये (एक्सपाथ वापरून एक्सएमएल तपासायच्या नियमभाषेत) ठेवा. एक्सएसडी 1.1 (एक्सएमएलची रचना ठरवणारी भाषा) मधल्या असर्टला, म्हणजे अट तपासणाऱ्या नियमाला, स्वतःच्या एलिमेंटच्या वर बघताच येत नाही, त्यामुळे तिथे तो पालक विभागावरच लिहावा लागेल.